प्रॉक्सी : मुळाच्या नावाने हजेरी

आजचा विषय जाहीर झाला आणि दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. 'सर, तुम्ही आणि प्रॉक्सी?' त्यांचं आश्चर्य रास्त आहे. पस्तीस वर्षं आम्ही वर्गात हजेरी घेतली आणि त्यातली बरीचशी ताकद प्रॉक्सी पकडण्यात गेली. एक नंबर पुकारला की मागच्या बाकावरून दोन वेगवेगळ्या आवाजांत 'येस सर' यायचं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुलं मुळातच कमी. प्रॉक्सी धरून संख्या जरा बरी दिसायची, म्हणून कधी कधी आम्ही कानाडोळाही केला. निवृत्तीनंतर हे कबूल करायला हरकत नाही. (हशा)

आजची प्रॉक्सी मात्र वेगळी आहे. ही व्याख्यानमाला तुमच्यापैकी बरेच जण घरी बसून ऐकता, पाहता. ती तुमच्यापर्यंत पोचण्याआधी एक तरुण मुलगा ती संगणकावर कापतो, जोडतो. आमचं खोकणं काढून टाकतो, ही त्याची कृपा. त्याच्या कामात 'प्रॉक्सी फाइल' नावाची वस्तू असते. कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ फाइल फार जड असते, संगणक ती सुरळीत चालवू शकत नाही, चित्र अडखळतं. म्हणून तिची एक हलकी प्रत करायची, सगळं संकलन त्या प्रतीवर करायचं, आणि शेवटी अंतिम व्हिडिओ तयार करताना तिच्या जागी पुन्हा मूळ फाइल आणायची. एवढीच गोष्ट. पण तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रश्न आहे ज्यानं आम्हाला गेली दोन-तीन वर्षं सोडलेलं नाही. का सोडलेलं नाही ते पुढे येईलच.

सुरुवात फिल्मपासून करू. चित्रपट फिल्मवर निघत होता तेव्हा कॅमेऱ्यातून निघणारी निगेटिव्ह ही एकमेव वस्तू असे. ओरखडा पडला की पडला. शिवाय निगेटिव्ह कापून सिमेंटनं जोडताना जोडाशेजारच्या चौकटीचा थोडा भाग खर्ची पडतो. म्हणजे एकदा कापलं की 'चुकलं, पुन्हा जोडा' म्हणायची सोय नाही. त्यामुळे कापण्याचे प्रयोग निगेटिव्हवर करता येत नसत. तिच्यावरून एक साधी पॉझिटिव्ह प्रत काढायची, तिला आपल्याकडे रशेस किंवा रश प्रिंट म्हणत आले, आणि तिचे हवे तितके हाल करायचे. संकलक ती मूव्हिओलावर घाली. हे यंत्र १९२४ सालचं. त्याआधी मंडळी फिल्मची पट्टी हातात धरून उजेडासमोर बघत. त्या प्रतीवर मेणाच्या पेन्सिलीनं रेघा मारायच्या, तुकडे खुंटीला टांगायचे, चिकटपट्टीनं जोडायचे, पुन्हा सोडवायचे. महिनाभरात तिची पार लक्तरं होत. आणि त्या लक्तरांकडे बघूनच सगळे निर्णय होत: कुठे कापायचं, कुठे थांबायचं, कोणाचा चेहरा किती वेळ दिसू द्यायचा.

मग मूळ निगेटिव्ह कशी कापायची? इथे खरी युक्ती आहे. कोडॅकसारख्या कंपन्या फिल्मच्या कडेला दर फुटावर एक आकडा छापत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. निगेटिव्हवरून प्रत काढली की तो आकडाही प्रतीच्या कडेला उमटायचा. संकलकाचं काम संपलं की फाटकी प्रत निगेटिव्ह कापणाऱ्याकडे जायची. तो पांढरे सुती हातमोजे घालून, धूळ नसलेल्या खोलीत बसून, प्रतीवरचा आकडा वाचायचा, निगेटिव्हवर तोच आकडा शोधायचा, आणि तिथेच कात्री चालवायचा. चित्राकडे तो जवळजवळ बघतच नसे. त्याचा भरवसा आकड्यावर.

हे नीट लक्षात घ्या. प्रत मुळासारखी दिसते म्हणून ती मुळाच्या जागी चालते, असं आपल्याला सहज वाटतं. पण प्रत फाटकी, रेघाळलेली, रंग उडालेली होती. ती चालली, कारण तिच्या कडेला मुळाचा आकडा होता. सारखेपणा कितीही कमी झाला तरी काम अडलं नाही. आकडा पुसला गेला असता तर मात्र सगळंच अडलं असतं.

ही गोष्ट आणखी ठळक झाली ती टेलिव्हिजनमध्ये. १९५६ साली ॲम्पेक्स कंपनीनं व्यवहारात वापरता येईल असा व्हिडिओ रेकॉर्डर आणला. दोन इंच रुंदीची चुंबकीय टेप. आता गंमत बघा, फिल्म उजेडासमोर धरली तर चित्र दिसतं. टेपवर काहीच दिसत नाही. नुसती तपकिरी पट्टी. संकलक तिच्यावर लोखंडाच्या बारीक कणांचं द्रावण लावायचे, म्हणजे चुंबकीय खुणा उमटायच्या, आणि सूक्ष्मदर्शकातून बघून त्या खुणांच्या मधोमध पातं चालवायचे. कापलेल्या जागी काय चित्र आहे हे कापताना कळायची सोय नाही. डोळे बांधून शस्त्रक्रिया करण्यातला प्रकार.

अमेरिकेत एनबीसी या वाहिनीच्या लोकांनी यावर एक तोडगा काढला, आणि आमच्या मते आजच्या प्रॉक्सीची खरी आजी तीच. त्यांनी टेपवरचा कार्यक्रम पडद्यावर चालवून तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपला. या प्रतीला किनेस्कोप म्हणत. ती धूसर, कृष्णधवल, पण डोळ्यांना दिसणारी आणि नेहमीच्या यंत्रावर कापता येणारी. आता टेप आणि फिल्म यांना बांधायचं कशानं? टेपला कडेचा आकडा नव्हता. म्हणून त्यांनी दोन्हींवर एक वेगळा ध्वनी भरला. त्यात दर सेकंदाला टोला आणि मिनिटं-सेकंद मोठ्यानं सांगणारा माणसाचा आवाज! संकलक फिल्म कापायचा, जोडाशी कोणता मिनिट-सेकंद ऐकू येतो ते बघायचा, आणि टेपवर तोच आवाज शोधून तिथे कापायचा. १९६८ साली सुरू झालेला 'रोवन अँड मार्टिन्स लाफ-इन' हा विनोदी कार्यक्रम आर्ट श्नायडर या संकलकानं या पद्धतीनं घडवला. त्याच्या एकेका भागात शेकडो जोड असत. लोकांना वाटलं, काय विजेसारखा वेग आहे! त्या वेगाच्या मागे एक धूसर प्रत आणि वेळ सांगणारा आवाज होता.

बोललेल्या आकड्याची जागा पुढे यंत्रानं वाचायच्या आकड्यानं घेतली. १९६७ च्या सुमारास टाइमकोड आला. तास, मिनिट, सेकंद, चौकट असे आठ अंक, प्रत्येक चौकटीला स्वतःचा पत्ता. त्यानंतर १९७१ मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या भागीदारीतून सीएमएक्स ६०० हे यंत्र निघालं. संगणकाच्या चकत्यांवर जेमतेम अर्ध्या तासाचं चित्र मावायचं, तेही कृष्णधवल आणि अर्ध्या दर्जाचं. पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवून कापायची जागा दाखवायची. शेवटी यंत्र काय देत असे? चित्र नाही. भोकं पाडलेली एक कागदी पट्टी. तिच्यावर नुसती यादी: अमुक टेप, अमुक आकड्यापासून अमुक आकड्यापर्यंत. ही पट्टी दुसऱ्या यंत्राला दिली की ते मूळ टेपांवरून कार्यक्रम बांधायचं. संकलकानं महिनाभर ज्या प्रतीकडे टक लावून पाहिलं, तिचा एक कणही अंतिम कार्यक्रमात जात नसे. जायचे फक्त त्याचे निर्णय.

याचा आमचाही एक अनुभव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला, आणि त्या दशकात प्राध्यापक मंडळींना कॅमेऱ्यासमोर उभं करायची एक लाटच आली. आम्हीही एकदा उभे राहिलो. चित्रीकरण झाल्यावर तिथल्या संकलकानं आमच्या हातात एक व्हीएचएस कॅसेट दिली. म्हणाला, 'सर, घरी बघा आणि कोणता भाग ठेवायचा ते लिहून आणा.' आमच्याकडे व्हीसीआर नव्हता, शेजाऱ्यांकडे बसलो. चित्र खराब, वर खाली एका काळ्या चौकोनात आकडे धावताहेत. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, तुमच्या तोंडापेक्षा आकडेच नीट दिसतात.' आम्ही वहीत आकडे लिहून नेले. संकलकानं वहीचं पान घेतलं आणि कॅसेट कपाटात टाकून दिली. तेव्हा थोडा राग आला होता. आज कळतं, त्याला हवं होतं ते त्या पानावर होतं.

आता जरा आमच्या शास्त्राकडे वळतो. कंटाळा येईल त्यांनी दोन मिनिटं सहन करावं. प्रतिनिधी हा शब्द आपण निवडणुकीत वापरतो, पण पूर्वमीमांसेत तो पारिभाषिक शब्द आहे. जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात याची सविस्तर चर्चा येते. यज्ञाला व्रीही म्हणजे भात सांगितला आहे आणि तो मिळाला नाही, तर काय करायचं? नीवार, म्हणजे रानभात, घ्यावा. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. पण देवतेला चालत नाही, अग्नीला चालत नाही, मंत्राला चालत नाही. आणि सर्वांत सुंदर भाग असा की नीवार वापरला तरी मंत्रात नाव व्रीहीचंच घ्यायचं. प्रतिनिधीनं स्वतःचं नाव लावायचं नाही. तो मुळाच्या नावानं उभा असतो. पूजेत दागिने नसले की आपण अक्षता वाहतो, पण नाव दागिन्यांचंच घेतो, तेच हे.

संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी कशी जोडली जाते हे त्या मुलानं आम्हाला पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा आम्ही खुर्चीतून उठलोच. प्रॉक्सी वेगळ्या फोल्डरमध्ये असते, तिचं नाव मूळ फाइलचंच, फार तर मागे एक शेपूट लावलेलं. टाइमकोड तोच. दर सेकंदाच्या चौकटी तितक्याच. मंत्र बदलायचा नाही, द्रव्य बदलायचं!

असो. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आलं आणि सगळं काम संगणकावर गेलं. सुरुवातीची चित्रं इतकी ठोकळेबाज होती की लांबून घेतलेल्या दृश्यात चेहऱ्यावरचा भाव दिसत नसे. कारण साधं, साठवणुकीची जागा महाग. तरीही वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट' अ‍ॅव्हिडवर पूर्ण केला आणि त्यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला मिळालेलं ते पहिलंच. हे मर्च एक मजेदार गोष्ट करत. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांशी कागदाची कापलेली दोन छोटी माणसं चिकटवून ठेवत, म्हणजे आपण बघतो आहोत ते थिएटरात केवढं मोठं दिसणार आहे याचं भान राहावं. प्रतीवर निर्णय घेणाऱ्याला प्रत काय लपवते हे सतत आठवावं लागतं. आम्हाला वाटतं, लहान आणि धूसर पडद्यावर काम करणारा माणूस नकळत क्लोजअपकडे झुकत असणार, कारण बाकी काही त्याला दिसतच नाही. प्रॉक्सी निर्णयांना हातभार लावते तशी ती त्यांना वाकवतेही.

तुम्ही विचाराल, आजचे संगणक इतके ताकदवान, मग आज प्रॉक्सी कशाला? आम्हीही हेच विचारलं, आणि उत्तर ऐकून चकित झालो. आजच्या कॅमेऱ्यांची आणि फोनची चित्रं एच.२६४ किंवा त्याच्या पुढच्या एचईव्हीसी या पद्धतीनं आवळलेली असतात. पहिली २००३ मधली, दुसरी २०१३ मधली. यांत प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक चौकट पूर्ण, आणि मधल्या चौकटींत फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच. काही चौकटी तर पुढच्या चौकटीवरही अवलंबून. ओळीनं बघायला हे छान. पण संकलक ओळीनं बघत नाही. तो मध्येच उडी मारतो, उलटा जातो, एकाच जागी दहादा घुटमळतो. प्रत्येक वेळी संगणकाला मागची पूर्ण चौकट शोधून तिथपासून हिशेब करत यावं लागतं. पाढा मध्येच विचारला की मुलं सुरुवातीपासून म्हणत येतात, तसं.

प्रॉक्सीमध्ये बहुधा प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवतात. ॲपलचं प्रोरेस प्रॉक्सी, २००९ सालचं, अशाच जातीचं. म्हणून कधी कधी उलटाच प्रकार होतो. आयफोनवर एचईव्हीसीमध्ये टिपलेला ४के व्हिडिओ, सेकंदाला ३० चौकटी, मिनिटाला साधारण १७० एमबी जागा घेतो. त्याचीच एचडी आकाराची प्रोरेस प्रॉक्सी मिनिटाला साधारण ३४० एमबी. प्रत मुळाच्या दुप्पट जड! म्हणजे प्रॉक्सी म्हणजे लहान फाइल ही समजूत अपुरी आहे. प्रॉक्सी म्हणजे उलगडायला सोपी फाइल. जागाच वाचवायची असेल तर चित्राचा आकार आणखी लहान करावा लागतो.

फायनल कट प्रोच्या २०११ च्या आवृत्तीत, प्रीमियर प्रोमध्ये २०१६ पासून, दा विंची रिझॉल्व्हमध्ये, केडेनलाइव्हसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. एक बटण दाबलं की प्रॉक्सी, पुन्हा दाबलं की मूळ. फोकस बरोबर आहे का, रंग कसा आहे, अंधारात दाणे दिसतात का, हे मुळावरच बघायचं. कुठे कापायचं हे प्रॉक्सीवर ठरवलं तरी चालतं. ध्वनीबाबत जास्त जपायचं. मुळात ध्वनीचे दोन मार्ग असतील तर प्रॉक्सीतही दोन हवेत, नाहीतर जोडणी फसते.

हे शेवटचं वाक्य आम्ही सहज बोललो नाही.

२०१९ मध्ये आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची तीन व्याख्यानं या मालिकेत झाली. नाव घेत नाही, जुन्या श्रोत्यांना कळेल. ४के मध्ये चित्रीकरण, मोठ्या फाइली. त्या वेळी हा मुलगा नवीन होता आणि प्रॉक्सीही घाईत केलेल्या: चित्र अगदी लहान, ६४० बाय ३६०, आणि ध्वनीचा एकच मार्ग, कॅमेऱ्यावरच्या माइकचा. गळ्यातला माइक दुसऱ्या मार्गावर होता. संकलन अर्धवट असताना डिस्क भरली. पुढच्या व्याख्यानाला जागा नव्हती. मुलगा आम्हाला दाखवायला आला. दोन फोल्डर, दोन्हींत त्याच नावाच्या फाइली. उघडून बघितल्या, दोन्हींत तोच माणूस तेच बोलतोय. तो म्हणाला, 'सर, एक विचारून घेतो, थांबू या का?' आम्ही म्हणालो, 'अरे, तेच तेच दोनदा कशाला ठेवतोस? जो मोठा आहे तो उडव.'

चाळीस वर्षं तत्त्वज्ञान वाचलेला माणूस हे म्हणाला. दोन वस्तू एकाच नावाच्या आहेत म्हणून त्या एकच आहेत, ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केली असती तर आम्ही त्याला तासभर सुनावलं असतं.

२०२१ मध्ये ते सहकारी गेले. त्यांच्या घरच्यांनी व्याख्यानं मागितली तेव्हा आमच्याकडे होती ती फक्त प्रॉक्सी. आवाज लांबून येतो, पंख्याचा घरघराट, मागच्या रांगेतलं कुजबुजणं जास्त स्पष्ट. चेहरा म्हणजे एक डाग. सॉफ्टवेअर उघडलं की लाल अक्षरांत लिहून येतं की मूळ फाइल सापडत नाही. सगळे आकडे बरोबर, सगळी नावं बरोबर, आणि ती ज्याच्याकडे बोट दाखवतात तिथे कोणी नाही.

पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली होती. ज्या चित्रपटांच्या प्रती आधी सुरक्षित फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, त्यांची मुळं जळाली तरी प्रती राहिल्या. लोक त्या बघतात आणि त्यांनाच मूळ म्हणतात. जिथे प्रत नव्हती तिथे काहीच उरलं नाही. त्यामुळे आमच्या धूसर प्रॉक्सीला नावं ठेवायची आमची छाती नाही. ती होती म्हणून त्यांचा आवाज आहे. तीनही व्याख्यानं तशीच, घरघराटासकट, मालिकेत टाकली आहेत, आणि हल्ली मूळ फाइली दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत राहतात. त्यातलं एक घर आमचं नाही. आमच्यावर मुलाचा आता विश्वास नाही.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. तिसऱ्या व्याख्यानात, चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे, ते फळ्याकडे वळतात आणि एक आकृती काढतात. तीन वर्तुळं दिसतात, त्यांच्यात काहीतरी लिहिलेलं आहे, एका वर्तुळातून बाण बाहेर जातो. अक्षरं ३६० ओळींच्या चित्रात विरघळून गेली आहेत. ते म्हणतात, 'हे इथे नीट बघा,' आणि पुढची पंधरा मिनिटं त्या आकृतीवरच बोलतात, नाव न घेता, 'हा', 'तो' आणि 'त्याच्यातून हा' असं म्हणत. आम्ही कितीदा तरी ऐकलं. दोन वर्तुळांचा अंदाज येतो, तिसऱ्याचा येत नाही. त्या संध्याकाळी सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, त्यातली काही आजही समोर दिसताहेत. कोणी फळ्याचा फोटो काढला असेल, वहीत आकृती उतरवली असेल, तर कृपा करून आम्हाला दाखवा. कशीही असली तरी चालेल.

आता प्रश्न घेऊ.